ताळा

मंडळी, ‘रेड’ हा शब्द कानावर पडला की आपल्याला आधी धाड आठवते. प्राप्तिकरवाल्यांची, नाहीतर पोलिसांची. मध्यंतरी मी नातेवाईकांना एवढंच कळवलं होतं, की ‘घरातली रेड सुरू होत नाहीये, ओव्यांचं रेकॉर्डिंग जरा उशिरा पाठवतो.’ तर लातूरहून मेहुण्यांचा लगेच फोन, "दाजी, कसली रेड? कोण आलं होतं घरी?" त्यांना फोनवर समजावता समजावता पुरेवाट झाली. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. संगणकातलं ज्यांना जास्त कळतं त्यांनी माझी मास्तरकी सहन करावी.

आधी त्या संगणकात काय आहे ते सांगतो. नोकरीत असताना केज, धारूर, अंबाजोगाई अशा तालुक्यांत बदल्या होत गेल्या. शाळेत गणित आणि मराठी शिकवायचो. पगारातून एक टेपरेकॉर्डर घेतला आणि जिथे बदली होईल तिथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेप करायचा नाद लागला. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या, जाती कोपऱ्यात उभी राहिली होती. आपल्या बीड जिल्ह्यातली किती माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते तुम्हाला माहीतच आहे. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. त्यामुळे माझं सगळं टेपिंग उन्हाळ्याच्या सुट्टीतलं.

मी काही संशोधक नाही. या विषयात खरं मोठं काम गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून त्या सर्वांना ऐकायला खुल्या केल्या. त्यापुढे माझ्या १४० कॅसेट म्हणजे चिमूटभर पीठ. पण घरचं पीठ.

त्यातली एक कॅसेट १९८६ ची आहे. चुलत बहिणीच्या लग्नात हळदीच्या दिवशी जातं पूजलं, तेव्हा आई, मोठ्या काकू आणि धाकट्या काकू अशा तिघी जावा जात्याला बसल्या होत्या. एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुरी करायची, तिसरीने मागून सूर धरायचा. साठ मिनिटांची कॅसेट. निवृत्तीनंतर ती संगणकात उतरवून घेतली आणि पुन्हा लावली, तर फीत मशीनमध्ये अडकली, चुरगळली आणि दोन ठिकाणी तुटली. म्हणजे आता ती संगणकात आहे तेवढीच आहे. आई आणि मोठ्या काकू नाहीत. धाकट्या काकू नव्वदीच्या घरात आहेत.

आता रेड. माझी नात पुण्यात संगणकाचंच काम करते. तिने मला या संग्रहासाठी दोन-दोन टीबीच्या तीन डिस्क जोडून दिल्या. संगणक ज्या लिनक्सवर चालतो, ते एका वेगळ्या छोट्या डिस्कवर. मी विचारलं, "तीन कशाला गं? दोन पुरेत की." ती म्हणाली, "आबा, जागा दोनाचीच मिळणार. तिसरी ताळ्याची."

‘ताळा’ म्हटल्यावर मला एकदम समजलं. आपण शाळेत नाही का, वजाबाकी झाली की उलट बेरीज करून ताळा पाहायचो? तसंच. समजा पहिल्या डिस्कवर ७ लिहिले, दुसरीवर ५, तर तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहून ठेवायची. उद्या पहिली डिस्क जळाली तरी १२ मधून ५ गेले की ७ परत मिळाले. दुसरी गेली तर १२ मधून ७ वजा करा. तिसरीच गेली तर पुन्हा बेरीज करा. तिघींपैकी कोणतीही एक गेली तरी काही हरवत नाही. खरं तर यंत्र बेरीज करत नाही, फक्त सम की विषम एवढं पाहतं, पण तत्त्व हेच. आणि ताळ्याची वही कायम एकाच डिस्ककडे ठेवत नाहीत. पट्ट्या-पट्ट्याने ती पाळीपाळीने तिघींकडे फिरते.

ही कल्पना अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ सालच्या एका निबंधात मांडली. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या लहान डिस्कांचा ताफा करा आणि त्यातली एखादी बिघडणार हे धरूनच चला, असा त्याचा मथितार्थ. तिथूनच ‘रेड’ हे नाव आलं. त्यात त्यांनी पाच प्रकार सांगितले. माझ्याकडचा पाचवा. पूर्वी याला वेगळं कार्ड लागायचं. लिनक्समध्ये ते काम सॉफ्टवेअरच करतं आणि ते हाताळायला ‘एमडीएडीएम’ नावाचा प्रोग्रॅम आहे, नील ब्राऊन या ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांनी लिहिलेला. प्रत्येक डिस्कच्या एका कोपऱ्यात तो कुटुंबाचं रेशनकार्डच लिहून ठेवतो म्हणा ना. कुटुंब कोणतं, माणसं किती, माझा नंबर कितवा, शेवटची नोंद कितवी आणि शेवटचं काम नीट पुरं झालं होतं की अर्धवट राहिलं. संगणक सुरू होताना तो हे तिन्ही कार्डं वाचतो, जुळली तर तिघींना एकत्र करून एकच मोठी डिस्क उभी करतो.

यंदा मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. यूपीएसने चार वेळा टूं टूं केलं आणि अर्ध्या मिनिटात मान टाकली. तेव्हा धारूरकडची एक कॅसेट संगणकात उतरत होती. रात्री लाईट आली, मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली आणि एका ओळीवर थांबली. घड्याळ मोजायला लागलं. दीड मिनिट झाल्यावर ‘इमर्जन्सी मोड’ असं दाखवून रूट पासवर्ड विचारू लागलं. संग्रहाची डिस्क उभीच राहिली नव्हती.

माझा एक जुना विद्यार्थी गावातच संगणक दुरुस्ती करतो. मोठा प्रेमळ मुलगा. तो म्हणाला, "सर, उद्या घेऊन या. तिन्ही फॉरमॅट मारून नवीन करून देतो, एका तासाचं काम." त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं, संगणक चालू झाला पाहिजे. मी म्हटलं, बाबा, आधी नातीला विचारतो.

नातीने फोन उचलल्या उचलल्या सांगितलं, "आबा, आधी एक कबूल करा. मी सांगितल्याशिवाय एकही कमांड द्यायची नाही. आणि ‘क्रिएट’ हा शब्द कुठं दिसला तर हात खिशात घालायचे."

"का गं?"

"त्यानं जुनी कार्डं पुसून नवी लिहिली जातात. डिस्कांचा क्रम इकडचा तिकडं झाला, तर आतलं सगळं असून नसल्यासारखं."

मग तिने सांगितलेली पहिली कमांड दिली. ती काही बदलत नाही, फक्त काय चाललंय ते दाखवते. उत्तरात ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असा शब्द आला आणि पुढे दोनच डिस्कांची नावं.

"दोन आहेत," मी म्हणालो.

"तिसरी कुठाय?"

तिसरी यादीतच नव्हती. संगणकाला ती दिसतच नव्हती. मी म्हटलं, "अगं, पण एक गेली तरी चालतं म्हणाली होतीस ना? मग दोघींवर का उभं राहत नाही?" तिने आणखी एक कमांड दिली, ती लॉग दाखवणारी. मी चष्मा सावरून एकेक अक्षर वाचत गेलो. ‘कॅनॉट स्टार्ट डर्टी डिग्रेडेड अ‍ॅरे.’

पलीकडे ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं."

यातलं ‘डिग्रेडेड’ म्हणजे एक डिस्क कमी. ‘डर्टी’ म्हणजे लिहिता लिहिता लाईट गेली, तेव्हा ताळा शेवटपर्यंत जुळवला गेला होता की नाही याची खात्री नाही. गंमत बघा. नुसती डिस्क कमी असती, तर ताळ्यावरून हरवलेला आकडा काढता आला असता. नुसता ताळा संशयास्पद असता पण तिन्ही डिस्क हजर असत्या, तर पुन्हा बेरीज करून नवा ताळा मांडता आला असता. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की मात्र यंत्र हात जोडतं.

मी म्हटलं, "मला फळ्यावर मांडल्यासारखं सांग." मग तिने जे सांगितलं ते माझ्या आकड्यांत असं. पहिलीवर ७, दुसरीवर ५, तिसरीवर ताळा १२. आपण दुसरीवरचे ५ खोडून ६ लिहिले. आता तिसरीवर १३ लिहायचे, तेवढ्यात लाईट गेली. तिथे १२ च राहिले. आणि नेमकी पहिली डिस्क दिसेनाशी झाली. यंत्राने गणित केलं, १२ मधून ६ गेले, उरले ६. पहिलीवर होते ७, यंत्र सांगणार ६. कुठेही लाल शेरा नाही, तक्रार नाही. उत्तर नीटनेटकं, आत्मविश्वासाने दिलेलं आणि चूक.

यातली मला सर्वांत लागलेली गोष्ट वेगळीच. आपण बदलत होतो तो आकडा दुसरीवरचा. बिघडला तो पहिलीवरचा, ज्याला कुणी हातही लावला नव्हता. म्हणजे धारूरची कॅसेट उतरवता उतरवता लाईट गेली, तरी मार बसेल तो धारूरच्याच कॅसेटला असं नाही. शेजारच्या पट्ट्यातल्या दुसऱ्याच, कित्येक वर्षं शांत पडलेल्या फाईलला बसू शकतो. जाणकार याला ‘राइट होल’ म्हणतात, लिहिताना पडलेलं भोक.

"जबरदस्तीनं सुरू करायची सोय आहे, आबा," नात म्हणाली. "‘फोर्स’ म्हणायचं. तो अर्धवटाचा शिक्का पुसतो आणि दोघींवर सुरू होतो. बहुतेक वेळा सगळं ठीकच निघतं."

"आणि नाही निघालं तर किती बिघडेल?"

"एका पट्ट्यात एका डिस्कचा वाटा अर्धा एमबी. तेवढं, नाहीतर त्याहून कमी."

"ओव्यांच्या भाषेत सांग."

तिने हिशेब केला. "सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग असेल तर साधारण तीन सेकंद."

तीन सेकंद म्हणजे काय हे तुम्हीच एकदा ओवी म्हणून बघा. एखादं नाव तेवढ्यात जातं. भावाचं, गावाचं, विठ्ठलाचं. कुठल्या फाईलमधली तीन सेकंदं ते कुणाला सांगता आलं नसतं. १४० कॅसेट पुन्हा ऐकायला माझ्याकडे वेळ आहे, पण कान आता पूर्वीसारखे नाहीत. आणि आईच्या त्या कॅसेटशी ताडून बघायला मूळ फीत तरी कुठे उरली आहे?

मी म्हटलं, "जबरदस्ती नको. आधी तिसरीला शोधू." ती म्हणाली, "मी पण तेच सांगणार होते. आणि तिसरी खरंच गेली असली, तरी आधी या दोघींची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि फोर्स त्या नकलेवर करायचा. मूळ डिस्कला हात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात पेटी उघडली. विद्यार्थ्यालाही बोलावून घेतलं, वाकून तारा ओढणं आता माझ्याने होत नाही. नातीने व्हिडिओ कॉलवरून बघितलं आणि म्हणाली, "संगणक चालू करा आणि प्रत्येक डिस्कवर हलकेच बोट ठेवा." दोघींच्या अंगात बारीक थरथर होती. तिसरी गार आणि गप्प. म्हणजे तिला वीजच पोचत नव्हती. संगणक बंद केला, प्लग काढला. एका तारेचे दोन फाटे करणारा जो जोड असतो, त्यातली एक पिन काळी पडून सैल झाली होती. लाईट जाता-येताना तिने राम म्हटला असावा. विद्यार्थ्याने तो जोड काढून टाकला आणि तिसरीला दुसरी मोकळी तार लावली. पुन्हा बोट ठेवलं. थरथर लागली.

यानंतर आम्ही काहीही केलं नाही, आणि तेच मला सांगायचंय. एकही कमांड द्यावी लागली नाही. संगणक सुरू झाला, तिन्ही कार्डं वाचली गेली. तिघींवरच्या नोंदींचा आकडा जुळत होता, म्हणून तिसरीला घरात घेतलं गेलं. तो मागे असता तर शिळी म्हणून तिला बाहेर उभं केलं असतं. मग कंसात तीन अक्षरं उमटली, यू यू यू. एकेक यू म्हणजे एकेक डिस्क जागेवर. आणि यंत्र आपण होऊन सगळे ताळे पुन्हा मांडायला बसलं. त्याला पाच तास लागले. धारूरच्या कॅसेटची फाईल अर्धवटच राहिली होती, ती कॅसेट शाबूत होती म्हणून पुन्हा उतरवली. विद्यार्थी जाताना म्हणाला, "सर, मी तर उडवूनच दिलं असतं." मी म्हटलं, "म्हणून तर तुला बघायला बोलावलं."

आता आमच्या घरी काही नवे नियम झालेत. प्रत्येक डिस्कवर तिचा नंबर चिटकवलाय. प्रत्येक फाईलचा अंगठ्याच्या ठशासारखा एक आकडा काढून वहीत आणि संगणकात नोंदवलाय. फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. आणि दर महिन्याला एक प्रत पुण्याला जाते. नात सारखी बजावते, की रेड म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तीन डिस्क एकाच पेटीत, एकाच विजेवर. फाईल पुसली तर ती तिन्हींवरून एकदमच पुसली जाते.

या सगळ्यात मला सारखे एकनाथ महाराज आठवत होते. गोदावरीच्या पलीकडे पैठणला त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलांवर नकला होऊन तीनशे वर्षांत ओव्या बिघडल्या होत्या, कुणी कुणी आपल्या पदरच्याही घातल्या होत्या. नाथांनी प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. नाथ स्वतः केवढे मोठे कवी! जिथे अडेल तिथे मूळ शोभेल अशी ओवी रचणं त्यांना काय अवघड होतं? पण त्यांनी तर शेवटी बजावून ठेवलं, की यात कुणी आपली ओवी घालू नये. मला वाटतं, नाथांचं सामर्थ्य तिथे जास्त दिसतं.

गेल्या आठवड्यात आईच्या कॅसेटमधल्या ओव्या कागदावर उतरवत होतो. एका ठिकाणी जात्याच्या घरघरीत अर्धी ओवी मुळातच बुडाली आहे. हे भोक डिस्कचं नव्हे, १९८६ चंच. म्हटलं, तिघींपैकी धाकट्या काकू आहेत, त्यांना विचारावं. गावी गेलो आणि मोबाईलवर ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, हात आपोआप खुंटा धरल्यासारखा गोल फिरला. दोनदा, तीनदा ऐकलं. मग म्हणाल्या, "न्हाई रे बाबा याद. तुझ्या आईनं उचलली व्हती ती."

मी म्हटलं, "काकू, जमेल तसं म्हणा. मागचं-पुढचं तर आहेच."

तर म्हणाल्या, "जमंल तसं म्हनायला काय, धा म्हनीन. पर ती तिची न्हाई व्हनार. ऱ्हाऊ दे की मोकळी जागा."

राहू दिली. वहीत तिथे टिंबं आहेत.

असो. आता सगळ्या नातेवाईकांना एक विनंती. तुमच्याकडे माळ्यावर, ट्रंकेत कुठे जुन्या कॅसेट पडल्या असतील, तर त्या लावून बघायच्या भानगडीत पडू नका. फीत एकदाच वाजेल अशा अवस्थेत असू शकते. कापडात गुंडाळून, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर अंबाजोगाईला पाठवून द्या. वर फक्त कुणाचा आवाज आहे ते लिहा. खात्री नसेल तर तेही लिहू नका.